सर्जाची एकादशी

आमच्या सासूबाईंनी सरडा घेतला, तो चाकणच्या बाजारात बैल घ्यावा तसा पारखून घेतला. मी शेजारी उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

कुसुमताई, म्हणजे आमच्या ह्या आई, निघोज्याच्या जुन्या बाई. अख्खा जन्म गाई-म्हशींत गेला. पुढं शेतं कंपन्यांखाली गेली, गोठा पाडून माझ्या नवऱ्यानं, रविराजनं, कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि बाईंच्या हाताला काम उरलं नाही. मग काय, दिवसभर माझ्या मागं! भाजीतलं मीठ, चपातीचा काठ, माझा मोबाइल, कशातूनच सुटका नाही. कुत्रं आणू म्हटलं तर त्यांना दमा, डॉक्टरांनी केसाळ जनावर घरात नको म्हणून बजावलेलं. शेवटी रविराजनं कंपनीतल्या मित्राकडं पाहिलेला दाढीवाला सरडा सुचवला. परदेशातल्या वाळवंटातला, अंगावर केस नाहीत की तोंडाला आवाज नाही. मी मालवणची, मला समुद्राची भीती नाही, पण साधी पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. आई त्याला झाडूनं बडवतील अशी माझी खात्री होती. त्या म्हणाल्या, दाखव तरी.

पिंपरीतल्या दुकानदारानं आधीच सांगून टाकलं की आपल्या रानातले सरडे पाळणं गुन्हा आहे, ही पिल्लं कागदपत्रांसकट आहेत. आईंना कागदांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी एकेक पिल्लू तळहातावर घेतलं, डोळे बघितले, शेपटीचं मूळ दाबून बघितलं, बोटं सगळी आहेत का ते पाहिलं आणि विचारलं, शेण कसं टाकतंय? बिचाऱ्या दुकानदारानं तेही सांगितलं. दात बघायचा हट्ट मात्र त्यानं पुरवला नाही. एक केशरी, देखणं पिल्लू कोपऱ्यात पेंगत होतं, ते आईंनी तिथंच नापास केलं. एक मातकट पोरगं मात्र त्यांच्या बाहीवरून सरसर खांद्यावर चढलं. ह्याच्यात दम हाय, म्हणाल्या. खातं काय, तर दुकानदार म्हणाला पाला, भाज्या आणि किडे. आईंनी पाला तेवढा ऐकला.

शेवटच्या बैलाचं नाव सर्जा होतं, तेच ह्याला ठेवलं. हॉलमध्ये काचेची पेटी आली. एका टोकाला तापणारा दिवा, त्याखाली शेकायला शहाबादी फरशीचा तुकडा, दुसरं टोक थंड, आणि घरात ऊन मिळत नाही म्हणून वेगळी ट्यूब. सकाळी कोमट पाण्यात अंघोळ, तीही माझ्या माहेरच्या परातीत! मी बोंब मारली तेव्हा कुठं त्याला स्वतःची परात मिळाली. तो फरशीवर डोळे मिटून पडला की आई कौतुकानं म्हणायच्या, रवंथ करतोय. दम्यासकट त्यांची तब्येत सुधारली आणि माझ्या भाजीतल्या मिठाचा विषयच संपला. मला तर सर्जाचे पाय धरावेसे वाटत होते.

दुकानदारानं सोबत दिलेला रातकिड्यांचा डबा मात्र आईंनी उंबऱ्यातूनच परत पाठवला होता. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सर्जाला मेथी, शेवग्याचा पाला, भोपळ्याचा कीस. एकादशीला तेही बंद. त्या दिवशी रताळं किसून पुढं ठेवायच्या आणि समजवायच्या की बाबा, आज उपास हाय.

आणि सर्जा मलूल होत गेला. शेपटी बारीक झाली, कमरेची हाडं दिसायला लागली. आईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून त्याची दृष्ट काढली. काही फरक पडेना, तेव्हा सांगवीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चांगलंच झापलं. मोठा झाला की तो बराचसा पाल्यावर राहील, पण आत्ता वाढीचं वय आहे, किडे हवेत, वर कॅल्शियमची पूड हवी, नाहीतर हा जगायचा नाही. आईंनी पुन्हा विचारलं, नुसत्या पाल्यावर निभंल का? बाई नाही म्हणाल्या.

परतताना रिक्षात आई गळ्यातली माळ चाचपत होत्या. माळेपायी त्यांनी सख्ख्या भावाच्या घरचं जेवण सोडलं होतं, त्यांनी आता स्वतःच्या हातानं जिवंत किडे कसे घालायचे? रविराज म्हणाला, दुकानात परत देऊ, तिथं तरी जगेल. मला असा राग आला! घरचं लेकरू आहे की कंपनीतला रिजेक्ट माल? पण आईंना मी तरी काय सांगणार? त्या सर्जाला पदराखाली धरून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडं बघून माझा जीव तुटत होता.

सकाळी आईंची पूजा आटोपली. त्यांनी रविराजला रातकिडे आणायला सांगितले. तो चाचरत म्हणाला, "आई, अगं माळेचं काय?"

"माळ मी घातलीय. त्या मुक्या जीवानं कुठं घातलीय? माझा उपास त्याच्या पोटाला कशापायी?"

चिमटाही त्यांनीच धरला, दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. पहिला किडा निसटून सोफ्याखाली गेला, मी खुर्चीवर, रविराज जमिनीवर आडवा, आणि आई हसून हसून बेजार. दुसऱ्यावर सर्जानं अशी झडप घातली की चिमटाच हलला. आईंनी डोळे पुसले.

मग रोजचा खुराक सुरू झाला आणि सर्जा हळूहळू बाळसं धरायला लागला. एक दिवस तो किडे मटकावत असताना मी आईंची थट्टा केली, की घरात आता एक जण राजरोस सामिष खातोय बघा. त्या हसल्या. हसता हसता थांबल्या आणि माझ्याकडं बघतच राहिल्या.

"आन तू गं? तू तरी माळ कधी घातली व्हतीस?"

लग्न होऊन आल्यापासून मी मासळीला शिवले नव्हते. कुणी बंदी घातली नव्हती, पण कुणी विचारलंही नव्हतं. मी नुसती मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. आईंनी माळ्यावरचा जुना तवा काढला, गॅलरीत नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "हितं तळ. माझ्या भांड्यांना लावू नको. आन पोरी, तोंड उघडून सांगायचं गं."

रविवारी मी बांगडे आणले. तवा तापला तशी आईंनी नाकाला पदर लावला, सर्जाला खांद्यावर घेतलं आणि गच्चीत उन्हाला जाऊन बसल्या.