कृष्णराव सेफ्टीवाल्यांचं शून्य

कृष्णराव प्लांटमधून रिटायर झाले, पण प्लांट काही त्यांच्यातून रिटायर झाला नाही. छत्तीस वर्षं सेफ्टी विभागात काढलेल्या या माणसाला प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरच्या मराठी मंडळाने नशामुक्ती समिती दिली, तेव्हाच आम्ही पोरांनी ओळखलं, आता आपल्यालाही हेल्मेट घालायला लावतील.

जवळपास तसंच झालं. प्लांटच्या गेटवर ‘अपघाताविना दिवस’ असा बोर्ड असतो. तसाच त्यांनी मंडळाच्या दारात लावला: ‘नशेविना दिवस’. रोज सकाळी अंघोळ करून खडूने आकडा एकाने वाढवायचे. दर रविवारी आम्हाला रांगेत उभं करून, घसा खाकरून, प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारखं बोलायचे, "पोट्टेहो, मनात काही साचून राहिलं असंल तं सांगा. लाजाचं नाही. आपला बोर्ड एवढा वर गेला हाय, तो खाली येऊ द्याचा नाही."

यानंतर तोंड कोण उघडणार? प्लांटमध्येही हेच चालायचं. बोट चेपलेला माणूस हात खिशात घालून गुपचूप घरी जायचा, कारण बोर्ड शून्यावर आणणाऱ्याकडे डिपार्टमेंट वर्षभर डोळे वटारून बघायचं.

आमच्यातल्या कमलेशचंही तसंच झालं होतं. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन तो इंजिनिअरिंगची तयारी करत होता. टेस्टमध्ये नंबर घसरला, झोप उडाली, आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो पार पावर हाउसच्या बाजारात जाऊन खोकल्याचं औषध आणायला लागला. खोकला नव्हताच. आता त्याला बाटलीशिवाय राहवत नव्हतं, आणि घरी सांगवत नव्हतं. त्याची आई, कांताकाकू, भाजीवाल्यालासुद्धा "आमचे इंजिनिअर साहेब" अशीच त्याची ओळख करून द्यायची.

बोर्ड एकशे त्रेचाळीसवर होता, त्या रविवारी सगळे गेल्यावर तो कृष्णरावांना म्हणाला, "काकाजी, तुमचा बोर्ड खोटा हाय." आणि सगळं सांगितलं. हे मला त्यानेच नंतर सांगितलं, म्हणून हा भाग थोडा ऐकीव आहे.

 दुसऱ्या दिवशी कृष्णराव त्याला स्कूटरवर बसवून समुपदेशक शिल्पा मॅडमकडे घेऊन गेले. परत आल्यावर फडक्याने आकडा पुसला आणि ठसठशीत शून्य काढलं.

मंडळाचे सचिव भूषणजी धापा टाकत आले. दीडशेव्या दिवसाला पाहुणे बोलावले होते, हार सांगून झाले होते. आठ दिवस थांबून शून्य काढलं तर काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. निदान पोरगं कुणाचं, तेवढं तरी कळू द्या.

"लपवलेलं लय पाह्यलं मी प्लांटात," कृष्णराव म्हणाले. नाव काही सांगितलं नाही.

नाव नाही म्हटल्यावर प्रत्येक घराने आपलंच पोरगं धरलं. शेजारच्या वंदनाकाकूंनी आपल्या भूपेंद्रची गादी उसवली, कापूस निघाला. माझ्या बॅगेची दोनदा झडती झाली. ज्या घरांत ‘पर्सेंटेज किती’ यापलीकडे प्रश्न नव्हता, तिथे त्या संध्याकाळी आईबाप पोरांशेजारी बसून विचारत होते, झोप लागते ना, जेवण जातं ना. एवढी माया अंगावर आल्यावर आम्ही जरा घाबरलोच.

कांताकाकूंनीही मेथी निवडता निवडता, मान खाली घालूनच विचारलं, "कमलेश, तो बोर्डवाला तू तं नाही ना रे?"

"मीच हाय, आई. काकाजी मले समुपदेशक मॅडमकडे घेऊन गेले होते."

काकूंचे हात चालूच राहिले, पण पानं आणि काड्या एकाच ताटात पडू लागल्या. मग त्या म्हणाल्या, "त्या मॅडमकडे आता कधी जाचं हाय आपल्याले?"