मेहुण्याची मोजणी

जागेवरून उचललेल्या वस्तूवर काडीचाही विश्वास न ठेवणारा माझ्या धाकट्या मेहुण्यासारखा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही. पेरू तो झाडावरच चाखून बघतो आणि वरण पातेल्यातच, त्यापायी बहिणीच्या हातची पळीही खातो. नोकरीही साजेशी मिळाली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तो जिवंत पेशीच्या आत रेणूच्या दोन टोकांमधलं अंतर मोजतो. रेणू बाहेर काढून बाटलीत का मोजत नाही, असं विचारलं तर म्हणाला, "दाजी, बाटलीतला रेणू म्हंजी सासुरवाडीतला जावई. शहाण्यावानी बसतो. घरात कसा वागतो ते बघायचं असतंय." जावई म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं, असं मला उगाच वाटलं.

जाफराबादेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या मला हे समजायला हवं होतं. मी मात्र शाळेत सगळ्यांना सांगून बसलो होतो की मेहुण्याकडे फार बारीक फूटपट्टी आहे. त्याने कपाळाला हात लावला आणि समजावलं, "रेणूवर दोन जागी दोन खुणा चिकटवायच्या. दोन्ही इवलेसे चुंबकच. मोठ्या चुंबकात ठेवून एकीला उलटं फिरवायचं आन् दुसरीकडं बघायचं. जवळ असली तर ती लई बिचकते, दूर असली तर तिला पत्ताबी लागत न्हाई. बिचकण्यावरून अंतर." मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं, पण तीस वर्षं पोरांनी माझ्यापुढे अशीच डोलावली होती.

भिंतीपलीकडे माझा सख्खा धाकटा भाऊ राहतो. एका लग्नात त्याला फेटा बांधला आणि मला टोपीवर भागवलं, तेव्हापासून सहा वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आमचा आता काही संबंध नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. या दिवाळीत मेहुण्यालाही सांगत होतो, तेवढ्यात पलीकडे भाऊ खोकला. माझ्या हातातला चहा पायजम्यावर सांडला.

"कवापासून खोकून राह्यले ते?" मेहुण्याने विचारलं.

"आठ दिवस झाले. सकाळी जास्ती," मी बोलून गेलो.

"मंग दाजी, भित नऊ इंचाची हाय, तुमी तिच्याहूनबी जवळ हायेत," म्हणून त्याने शांतपणे आपला चहा संपवला.

मला राग आला. याच्याशीही बोलायचं नाही, असं ठरवलं. तो गेला आणि तिसऱ्या दिवशी पलीकडचा खोकला ऐकूच आला नाही. दुपारपर्यंत मी भिंतीला कान लावून बसलो. जेवण गेलं नाही. शेवटी लग्नातली तीच टोपी डोक्यावर घातली आणि भावाच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो ओसरीवर धडधाकट बसून पेरू खात होता.

"पेरू खाऊ नको, खोकला उलटंल," मी म्हणालो. सहा वर्षांनी बोललो, तेही खेकसूनच.

त्याने टोपीकडे बघितलं, थोडा सरकला आणि अर्धा पेरू माझ्यापुढे धरला. त्याचे केस बरेच पांढरे झाले होते. ते कधी झाले हे मला माहीत नव्हतं, आणि त्याचं फार वाईट वाटलं.