कोकम सरबताचे चार केग

बाटल्या धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली, तेव्हा मी केग घ्यायचं ठरवलं. घरी बिअर करायची म्हणजे एका खेपेला पन्नास बाटल्या. त्या घासा, निर्जंतुक करा, भरा, बुचं दाबा, आणि पंधरा दिवसांनी त्यातली एखादी तळघरात फुटली की काचा वेचा. बिअर करण्यात मजा आहे, बाटल्या भरण्यात काडीची नाही. केगचं तसं नसतं. मांडीएवढं उंच, स्टीलचं एकच पिंप. त्यात बिअर ओतायची, झाकण लावायचं, फेस आणणाऱ्या गॅसची नळी जोडायची, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि आठवड्याने नळ सोडायचा. असं निदान इंटरनेटवरचे दाढीवाले लोक सांगतात.

नवे केग महाग होते म्हणून मी जुने शोधले. पूर्वी इथल्या हॉटेलांत गोड सोडा अशा पिंपांतून यायचा. ती पद्धत गेली आणि पिंपं लोकांकडे अडगळीत पडून राहिली. आमच्या नोव्हाय गावापासून तासाभरावर एका आजोबांच्या शेडमध्ये चार मिळाली. “सगळी प्रेशर धरतात,” आजोबा म्हणाले. मी विश्वास ठेवला. शेजारी माझा नवरा उभा होता, त्यानेही ठेवला. इतकी वर्षं अमेरिकेत राहून आम्ही अजून पांढऱ्या केसांवर विश्वास ठेवतो.

घरी आणून पाहते तर दोन केग एका पद्धतीचे आणि दोन दुसऱ्या. एकाच्या तोंडावर बसणारी जोडणी दुसऱ्याच्या तोंडावर बसत नाही, कारण कुठल्या काळी दोन सोडा कंपन्यांनी आपापली वेगळी तोंडं करून घेतली होती. त्यांची भांडणं त्यांच्यापाशी, भोगायचं मी. मी एकाच प्रकारच्या जोडण्या मागवल्या होत्या. दुसऱ्या मागवल्या. त्या येईपर्यंत कळलं की आतल्या रबराच्या रिंगा वाळून खडखडीत झाल्यात. त्या मागवल्या, त्या मापाने लहान निघाल्या. दरम्यान मी हौसेने भरून आणलेला गॅसचा सिलिंडर दोन दिवसांत रिकामा झाला. काटा शून्यावर, आणि केगमध्ये फुंकरीएवढाही जोर नाही.

यातली लाजेची गोष्ट अशी की मी गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या तपासते. तीच माझी नोकरी. नळी कुठे झिरपते हे शोधायचे मला पैसे मिळतात. ऑफिसात लोक मला विचारायला येतात आणि घरी मी गॅरेजच्या जमिनीवर बसून साबणाच्या पाण्याने झाकणाभोवती बुडबुडे बघत होते. बुडबुडे यायचेच. एका जागी थांबवले की दुसरीकडून यायचे. नवरा कॉफीचा मग घेऊन दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, “अगं, जरा टाइट कर ना.” उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला ‘तू कर’ म्हटलं की त्याची मीटिंग सुरू होते.

आणि वास. रूट बिअर नावाचं एक गोड पेय इथली मुलं पितात, नावातच काय ती बिअर. त्याचा वास थेट गुडघ्याला चोळायच्या मलमासारखा. माझे चारही केग आयुष्यभर तेच पोटात घेऊन हिंडले असावेत. खाण्याच्या सोड्याने धुतले, व्हिनेगरने धुतले, उन्हात पालथे घातले. वास जागचा हलला नाही.

अशात मे महिन्यात सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. मला त्या आवडतात, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या अर्थाने वाचलं जाईल. त्या साताऱ्याच्या. बोलायला मोकळ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दारूचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही हा घरचा नियम. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला, चाळिशीही गाठली नाही त्याने. आई लवकर गेल्यामुळे त्याला यांनीच वाढवला होता. त्याचा फोटोसुद्धा त्या भिंतीवर लावत नाहीत, कपाटात ठेवतात. तेव्हा आपली सून हौस म्हणून घरात बिअर करते हे त्यांना कळलं तर काय होईल, याचा विचार करायचंही मी टाळत होते.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये केग पाहिले. “हे काय गं? याला तर माझ्या मलमाचा वास येतोय.”

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “कोकम सरबतासाठी, आई. गणपतीला मंडळात लागतं ना, त्यासाठी आणलेत.”

नंतर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो म्हणाला, “यार, रिलॅक्स. सिक्स मन्थ्सचा तर क्वेश्चन आहे. ती गेली की कर तुझं ब्रूइंग.” जणू मी वाट बघत बसणार होते. आणि खरं सांगायचं तर मीही ते खोटं पाडलं नाही. सोयीचं होतं. तोंड त्याचं, पण गिळलं मी.

सासूबाईंना मात्र ती कल्पना फार आवडली. सून मंडळासाठी इतकी राबते याचंच त्यांना कौतुक. मी साबणाचं पाणी घेऊन बसले की त्या खुर्ची टाकून शेजारी बसायच्या, शेंगा सोलत. “सरबताला एवढं प्रेशर कशाला लागतं गं?” असं एकदा विचारलं. मी म्हटलं, “फसफसतं होतं, आई. मुलांना आवडतं.” रोज संध्याकाळी साताऱ्याला फोन व्हायचा, मग इथल्या मंडळातल्या काकूंना. “आमची सून चार पिंपं सरबत देणार आहे यंदा.” मी भाजी चिरत ऐकायचे. नवरा लॅपटॉपमध्ये डोकं घालून ऐकायचा.

जुलैमधल्या एका रविवारी तो त्यांना देवळात घेऊन गेला आणि मी तेवढ्यात बिअर शिजवून घेतली. त्या परत आल्या आणि दारातच म्हणाल्या, “कुणाकडे तरी आंबील शिजलीय वाटतं.” बिअर तळघरात आंबायला ठेवली. गुडघ्यांमुळे त्या तळघराचा जिना उतरत नाहीत, त्या गुडघ्यांचे मी मनात आभार मानले. सासूच्या गुडघेदुखीचे आभार मानायची वेळ माझ्यावर आली, यावरून माझं काय झालं होतं ते समजावं.

ऑगस्टमध्ये अखेर योग्य मापाच्या रिंगा आल्या. चारही केगना घातल्या, लोण्यासारखं एक वंगण लावलं, गॅस सोडला, साबणाचं पाणी शिंपडलं. एकही बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी काटा जागच्या जागी. मी गॅरेजमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. शनिवारी त्यातला एक केग तळघरात नेऊन भरला. झाकण उघडताना कसला तरी वास आल्यासारखा वाटला, पण नुकतीच आमटी झाली होती, म्हटलं माझ्याच हाताला असेल. सासूबाई आल्यापासून घराला फोडणीचाच वास होता.

आठ दिवसांनी तळघरातच नळ सोडला. रंग सुरेख, वर दोन बोटं फेस. चार महिन्यांची पायपीट त्या ग्लासात उतरली होती. मी घोट घेतला.

हिंग. दुसरं काही नाही. जिभेवर हिंग, नाकात हिंग, डोळ्यांत पाणी. वरणात घातलेला नव्हे, डबी उपडी झाल्यावर येतो तो.

मी ग्लास तसाच हातात घेऊन जिना चढले. सासूबाई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. “आई, गॅरेजमधल्या पिंपांना काही केलंत का तुम्ही?”

त्यांचा चेहरा खुलला. “कळलं ना तुला? गेला ना तो मलमाचा वास? अगं, तू त्या नव्या रिंगा घातल्यास ना, त्याच आठवड्यात केलं, तू ऑफिसला होतीस तेव्हा. तुमच्या त्या डेकवरच्या शेगडीतला कोळसा पेटवला, त्यावर खडा हिंग टाकला आणि एकेक पिंप वर पालथं धरलं. लोणच्याच्या बरणीला देतो तशी धुरी. मग झाकणं घट्ट लावून ठेवली दिवसभर, धूर आत मुरायला. कंबर मोडली माझी, पण आता तुझं सरबत महिनाभर टिकेल.”

स्टील वास सोडतं. रबर सोडत नाही. माझ्या नव्याकोऱ्या रिंगा दिवसभर हिंगाच्या धुरात मुरल्या होत्या, आणि मग आठ दिवस माझ्या बिअरमध्ये. बरणीला धुरी देताना रबर नसतंच, त्यामुळे त्यांचं चुकलं म्हणायलाही जागा नव्हती. कुणाला ओरडू? मला इतका राग आला होता की तो कुठे टाकायचा हेच कळेना.

“यंदा मंडळात बघच,” त्या म्हणत होत्या, “मी सगळ्यांना सांगितलंय, चार पिंपं…”

“आई, ही बिअर आहे,” मी म्हणाले. “सरबत नाही. कधीच नव्हतं. मी घरी बिअर करते. तुम्ही यायच्या आधीपासून करते.”

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी जळायला लागली. मग त्यांनी गॅस बंद केला. मला वाटलं भावाचं नाव निघेल. ते निघालं नाही.

“तीन महिने मी फोनवर सांगत होते,” त्या म्हणाल्या. “साताऱ्याला, इथल्या बायकांना. तुम्ही दोघं इथेच असायचात. ऐकत होतात.”

त्या खोलीत गेल्या. दारूबद्दल त्या चिडल्या असत्या तर मी वाद घातला असता, बाजू मांडली असती, माझी बाजू तयार होती. या गोष्टीला माझ्याकडे बाजूच नव्हती. संध्याकाळी नवऱ्यावर मी मनसोक्त ओरडले, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता. ती बिअर मी मोरीत ओतली. मोरीलाही दोन दिवस हिंगाचा वास होता.

तीन दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. चौथ्या दिवशी मी गॅरेजमध्ये बसून केगच्या रिंगा काढत होते, पुन्हा नव्या घालायला. त्या आल्या, खुर्ची ओढली, बसल्या. आज शेंगा नव्हत्या.

“यातली सरबताला कुठली?” त्यांनी विचारलं.

“आई, मी सांगते मंडळात. काहीतरी कारण सांगते.”

“आणखी कारणं नकोत. मी शब्द दिलाय. दोन पिंपं माझी, दोन तुझी. माझ्या दोन्हींवर खडूने लिही, मोठ्या अक्षरात. आणि तुझ्या पिंपांना मी हात लावणार नाही. धुरी नाही आणि काही नाही.”

मी खडू आणला. दोन केगवर मोठ्या अक्षरांत ‘सरबत’ लिहिलं. त्या बघत होत्या.

“सांगितलं का नाहीस मला?”

“भीती वाटली,” मी म्हणाले. खरंच तेवढंच होतं.

“मला घाबरलीस?” त्यांना ते पटेना. मग एक जुनी रिंग उचलून त्यांनी बोटांत फिरवली, नाकाशी नेली, हिंगाच्या वासाने तोंड वाकडं केलं.

“तो माझ्या समोर बसून प्यायचा,” त्या म्हणाल्या. “मी त्याला ताट वाढायचे. गरम गरम. कधी आवाज चढवला नाही मी. मला कुणी घाबरतं हे आज ऐकतेय पहिल्यांदा. तो घाबरला असता ना जरासा, तर फार बरं झालं असतं.”

मी केगच्या तोंडावरची रिंग काढायला गेले, माझी नखं घसरत होती. त्यांनी पदर खोचला आणि केग दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला.

“काढ आता,” त्या म्हणाल्या.