चार बोटांची जागा

मी कारखान्यातून रिटायर झालो त्या दिवशी आमच्या खात्यातल्या मंडळींनी मला शाल, नारळ आणि गजराचं घड्याळ दिलं. इतकी वर्षं पहिल्या पाळीला पहाटे उठलो ते गजराशिवाय. आता उठायचं कारण संपलं तर घड्याळ आलं. घरी आणून फळीवर ठेवलं.

आम्ही तेव्हा मुलुंडला बैठ्या चाळीत राहत होतो. वर मंगलोरी कौलं, खाली एकच लांबट खोली. मध्ये पडदा टाकून आम्ही तिच्या दोन केल्या होत्या. पुढे बसायचं-झोपायचं, मागे स्टोव्ह आणि मोरी. घरात मी, आमची ही, आयटीआयला जाणारा मुलगा आणि अकरावीतली मुलगी. तेव्हा अकरावीलाच मॅट्रिक असायची, म्हणजे मुलीचं मॅट्रिकचं वर्ष होतं.

म्हातारा माणूस मोठ्या मनाचा होतो असं लोक म्हणतात. मी झालो नाही. ते सबंध वर्ष मी जळण्यात घालवलं, आणि ज्याच्यावर जळलो त्याने माझं काही वाईट केलेलं नव्हतं. लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो.

तो माणूस म्हणजे शेजारच्या खोलीतले हेडक्लार्क. तेही त्याच वर्षी रिटायर झाले. त्यांची मुलं मोठी होऊन सांताक्रूझला राहायला गेली होती, घरात नवरा-बायको दोघंच. पुढच्या पडवीत त्यांचं टेबल-खुर्ची, टेबलावर जाड डिक्शनरी आणि शाईची दौत. आमची मुलगी संध्याकाळी दप्तर घेऊन तिथे जायची. ते इंग्रजी सांगायचे, त्यांची बायको पोहे द्यायची. हे मी कामावर होतो तेव्हापासूनच चालू होतं, पण तेव्हा मला दिसत नव्हतं. आता दिवसभर घरी बसल्यावर दिसायला लागलं. दिसण्यापेक्षा ऐकू जास्त यायचं.

"काका म्हणतात, अक्षर सुटं काढावं."

"काका म्हणतात, वाचताना पाठ ताठ असावी."

"काका म्हणतात, रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचावं."

जेवताना काका, उठताना काका. एकदा आमटीत मीठ कमी पडलं तर मी म्हटलं, "काका काय म्हणतात विचारून ये." मुलगी हसली. आमची ही हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि मिठाचं भांडं पुढे सरकवलं.

मी मराठी तिसरी शिकलो. सही करतो, बसची पाटी वाचतो. पण सुताचं माप मला तोंडपाठ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फिटरचं सगळं आयुष्य सुतात जातं. आमच्या खात्यात दोन सूत चुकलं तर माणूस दोन दिवस मान खाली घालून फिरायचा, आणि मला मान खाली घालून फिरताना कोणी बघितलं नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, इंग्रजी नाही तर नाही, मला जे येतं ते करायचं. पोरीला अभ्यासाला स्वतःची जागा करून द्यायची, घरातच. मग तिला दुसऱ्याच्या पडवीत जायला नको.

खाली जागा नव्हती, वर होती. मागच्या भागावर पोटमाळा घालायचा. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर खोक्याच्या फळ्या, चढायला पाइपाची शिडी. पोटमाळ्यावर एक उतरतं डेस्क, दुकानात गादीवर मेहताजींपुढे असतं तसं. आणि डेस्कच्या बरोबर वर एक कौल काढून काचेचं कौल बसवायचं, म्हणजे उजेड थेट वहीवर.

हे कोणासाठी ते मात्र मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी का करतोय तेही कळलं असतं. गाद्या ठेवायला करतोय म्हणालो.

"बाबा, गाद्यांना काचेचं कौल कशाला?" मुलाने विचारलं.

"गाद्यांना ऊन लागतं," मी म्हटलं.

तो आईकडे बघून म्हणाला, "झकास. आपल्या गाद्या वाचायला शिकणार."

आता उंचीचं गणित. पोटमाळा फार खाली घेतला तर माझं डोकं आपटणार, मी अंगाने उंच. फार वर घेतला तर बसणाऱ्याचं डोकं वाशाला लागणार. म्हणजे बसणाऱ्याचं माप बरोबर हवं. पोरीला बसवून माप घ्यायचं तर तिला कळलं असतं. आमची ही तांदूळ निवडायला मांडी घालून बसली होती, तिच्या मागे मी बांबूची काठी उभी धरली आणि डोक्याशी खूण केली.

"माझी मापं कसली घेताय?" ती मागे न बघता म्हणाली. "तिरडीची का? झोपवून घ्या मग, बसवून काय उपयोग."

पोरगी आईपेक्षा लहान, हे मी धरूनच चाललो. आईचं माप घेतलं, वर चार बोटं सोडली. पोरीला भरपूर झालं.

काम महिनाभर चाललं. गिरमिट, कानस, पाणसळ, सगळं बाहेर काढलं. इतकं सुख मला खात्यातही कधी मिळालं नव्हतं. मधे एकदा हेडक्लार्क बघायला आले. हात मागे बांधून वर बघत उभे राहिले.

"वा मिस्त्री, काम पक्कं आहे हो." मग जरा थांबून म्हणाले, "पण वर उंची थोडी कमी नाही का वाटत?"

"साहेब," मी म्हटलं, "माझं आयुष्य सुतात गेलंय. तुम्ही कागदाचं बघा, लोखंडाचं मी बघतो."

"छे छे, मी आपलं सहज विचारलं," ते म्हणाले आणि गेले. आधीच घट्ट असलेला नट मी पान्याने पुन्हा आवळला. उंचीबद्दल बोलायचा ह्यांना काय अधिकार, हेच डोक्यात.

दसऱ्याला मी माझी हत्यारं आणि पोरीची पुस्तकं एकाच पाटावर मांडली. पूजा झाल्यावर तिला म्हटलं, "जा, वर चढून बघ. तुझ्यासाठी आहे." ती शिडीवर उभी राहून आधी डेस्क बघत राहिली, मग वर काचेचं कौल. मग आत सरकून मांडी घालून बसली आणि वाशाला ठक्‌ झालं.

"लागलं का गं?"

"नाही बाबा. छान आहे."

नवीन जागा आहे, सवय होईल, असं मी म्हटलं. त्या दिवसापासून ती वर बसायला लागली. पडवीतलं टेबल रिकामं. मी मुद्दाम बाहेर ओट्यावर बसायचो आणि हेडक्लार्क एकटेच पेपर वाचताना बघायचो. आतून पोरीचा वाचल्याचा आवाज यायचा, माझ्या कौलाखालून. गजराचं घड्याळही तिने वर नेऊन डेस्कवर ठेवलं. आठ दिवस मी राजा होतो.

नवव्या दिवशी आमची ही पोरीच्या मानेला तेल चोळत होती. मी विचारलं, काय झालं.

"काय व्हायचंय. आठ दिवस मान वाकवून बसतेय. तुम्हाला दुखेल म्हणून बोलली नाही."

"मान कशाला वाकवायची? तुझं माप घेऊन वर चार बोटं सोडलीत."

ती तेलाचा हात पुसत उठली. पोरीलाही उठवलं, आणि दोघी पाठीला पाठ लावून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. पोरगी आईच्या वर कपाळभर निघाली.

"दोन वर्षं झाली," आमची ही म्हणाली. "सगळ्या चाळीला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. पहाटे निघायचो तेव्हा ती झोपलेली. ओव्हरटाइम करून यायचो तेव्हा वहीवर वाकलेली, नाहीतर परत झोपलेली. उभी अशी मी तिला नीट बघितलीच नव्हती. जगातल्या कुठल्याही नट-बोल्टचं माप मी डोळ्याने सांगायचो, आणि घरातल्या पोरीचं दोन वर्षं जुनं घेऊन चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी कसलंसं निमित्त काढून मी शेजारी गेलो. तेव्हा बघितलं, त्यांच्या टेबलाच्या चारही पायांखाली एकेक वीट.

"हे काय?" मी विचारलं.

"अहो, तुमच्या लेकीचे गुडघे लागायला लागले टेबलाला," ते म्हणाले. "किती भराभर वाढतात ना पोरी. मागच्या दिवाळीपासून ठेवल्यात विटा."

त्यांनी चहा विचारला, मी नको म्हटलं. ज्या माणसाने जन्मात हातोडी धरली नाही त्याचं माप बरोबर आणि माझं चुकीचं. त्या चार विटा मला जितक्या खुपल्या तितकं त्या माणसाचं सगळं इंग्रजी खुपलं नव्हतं. त्यांनी मला उंचीचं आधी सांगितलं होतं, ते तर त्याहून वाईट.

घरी येऊन मी पाना काढला. मुलाला सांगितलं, दुसरं टोक धर. सगळा सांगाडा सोडून अर्धा फूट खाली घेतला. आमची ही स्टोव्हपाशी उभी राहून बघत होती. ती बुटकी, तिला काही अडचण नव्हती.

"आणि मोरीकडे तुम्ही कसे जाणार?" तिने विचारलं.

"वाकेन."

"तुम्ही?"

एवढंच म्हणाली, पण मुलगा तोंड फिरवून हसत होता. कारखान्यात मॅनेजरपुढे मी वाकलो नाही ह्या गोष्टी मीच त्यांना शंभर वेळा सांगितल्या होत्या.

पहिल्या दिवशी तीन वेळा कपाळ आपटलं, दुसऱ्या दिवशी दोन वेळा. सवय मानेला लवकर लागत नाही, माझ्या तर नाहीच. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीकडे जाताना आपटलो तर मऊ लागलं. बघतो तर अँगलवर जुन्या गोधडीची पट्टी गुंडाळून सुतळीने बांधलेली. मी जातो बरोबर त्याच जागी, वीतभर, इकडे नाही तिकडे नाही.

"तू बांधलीस का?" मी हिला विचारलं.

"मी कशाला बांधू. माझं कुठे आपटतंय."

वर पोरगी पाठ ताठ करून मोठ्याने इंग्रजी वाचत होती. तिने खाली बघितलं नाही, मीही तिला हाक मारली नाही. काठी धरली नाही, खूण केली नाही, तरी जागा बरोबर साधली होती.

इंग्रजीसाठी ती पुन्हा तासभर शेजारी जायला लागली. मी अडवलं नाही. पण जळायचं थांबलं असं समजू नका. विटा काढल्यात का, हे मी येता-जाता बघायचो. नव्हत्या काढल्या.

निकाल लागला तेव्हा पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. शाळेतून येताना वाटेत शेजारचं दार आधी लागतं, म्हणून आधी तिथे पाया पडली आणि मग आमच्याकडे आली. हे मी आजही विसरलेलो नाही. संध्याकाळी हेडक्लार्क पेढे घेऊन आले. पेढे देवापुढे ठेवायचे म्हणून सरळ आत, स्टोव्हशेजारच्या देव्हाऱ्याकडे निघाले. तेही उंच, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मला पुढचं दिसत होतं, पण मी बोललो नाही. त्यांचं कपाळ अँगलला लागलं, गोधडीच्या पट्टीपासून हातभर लांब.

पोरगी ओलं फडकं घेऊन धावली. ते मला आवडलं नाही.

"मिस्त्री," कपाळ चोळत ते म्हणाले, "हे जरा जास्तच खाली नाही का झालं?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "ह्या वेळी पोरीचं माप आहे. बरोबर आहे."

आणि मी पट्टीच्या बाजूने, थोडासा वाकून, आत पाणी आणायला गेलो.