गुडघ्यांवरचं पाणी

श्रीरामपूरहून निघालेल्या सहलीच्या बसमध्ये ती म्हातारी माझ्या शेजारी होती. जन्मभर ऊस तोडून गुडघे गेलेले. वाटभर ते चोळत म्हणायची, "गरम झऱ्यात बसलं की मोकळं हुतील."

अभयारण्यातल्या कुंडावर रखवालदाराने तिलाच अडवलं. लुगड्याने पाणी घाण होतं म्हणे. आत आमच्याच बसमधले लोक शाम्पू चोळत होते, त्यांना काही नाही. माझं डोकं फिरलं, पण मीही चड्डीवर आतच उभा होतो.

तिने चपला काढल्या, झऱ्याला हात जोडले आणि काठावर बसून तांब्या माझ्यापुढे धरला. "तू दे भरून, बाबा. माझ्या लुगड्यानं इटाळतोय झरा, साबनानं न्हाई."

मी तांब्या भरून दिला. वर फेस होता. तिने तो फुंकरीने बाजूला सारला आणि पाणी गुडघ्यांवर ओतलं.