एका लढाईत एकच पेशा

लढाई सुरू होण्याआधी भरतदादा फासे मुठीत धरून ठेवत आणि आमच्यातल्या प्रत्येकाला विचारत, "आत्ता कोण तू?" उत्तर मिळेपर्यंत फासे कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. समोरून राक्षस धावून येत असला तरी नाहीत.

खेळ सगळा कल्पनेतला. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याला पेशा द्यायचा: लढवय्या, जादूगार, वैद्य, चोर, शिकारी. मग दादा जे जंगल, जो किल्ला तोंडानं उभा करतील त्यातून वाट काढायची आणि अडलं की फासे टाकायचे. दादा ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, मूळचे कडावचे. नेरळकडच्या एका फार्महाऊसवर साप चावलेल्या मुंबईच्या मुलाला त्यांनी वेळेत दवाखान्यात पोचवलं आणि बरा झाल्यावर त्यानं हा खेळ त्यांना शिकवला, पुस्तकासकट. भिसेगावातल्या त्यांच्या घरी रविवारी दुपारी आम्ही जमायचो. मी खालापूरला शाळेत शिकवते, निलेशचं कशेळ्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बाकीचे येऊन जाऊन असत, आम्ही दोघं मात्र कायमचे.

पुस्तकातले नियम दादांना पटत नसत. "ह्ये लिवणारा कदी उपाशी राहिलेला दिसत नाय," असं म्हणत त्यांनी जादूगाराला जेवल्याशिवाय मंत्र म्हणायची बंदी केली. चोराला देवळात जायची परवानगी होती, पण चपला बाहेर काढून, आणि त्या चोरीला गेल्या तर तक्रार करायची नाही. हसून हसून पुरेवाट व्हायची. एका नियमावर मात्र कुणी हसलेलं त्यांना चालत नसे. पुस्तकाप्रमाणे एका पात्राला दोन पेशे घेता येतात आणि हवे तेव्हा हवा तो वापरता येतो. दादांकडेही दोन घेता येत, पण लढाईआधी एक सांगायचा आणि लढाई संपेपर्यंत तोच. "एका टायमाला एकच. दोनी करायला गेलास की दोनी जातंय, समजलं काय?"

मला तो नियम आडमुठा वाटे आणि मी तसं तोंडावर सांगतही असे. मास्तरकीची सवय, दुसरं काय! दादा ऐकून घेत आणि चहा टाकायला आत जात.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी आमची गाठ दरीवरच्या पुलावर शत्रूशी पडली. निलेशचा भैरू लढवय्याही होता आणि वैद्यही. त्यानं लढवय्या सांगितलं. दुसऱ्याच फेरीत माझ्या शिकारणीच्या, रानीच्या, गळ्यात बाण घुसला. कित्येक वर्षं मी तिला वाढवली होती. भैरू तिच्या शेजारीच उभा होता.

"दादा, मी आता वैद्य," निलेश म्हणाला.

"नाय."

"मरतेय ओ ती!"

"दिसतंय मला. तू लढवय्या हायस."

रानी मेली. निलेशनं फासे भिंतीवर फेकले. "अवो, खेळ हाय ह्यो! खेळात तरी वाचवू द्या की माणसाला!"

दादांनी उठून फासे वेचून आणले. दादांची बायको, सुमनवहिनी, हार्टअटॅकनं गेल्या, दवाखान्यात नेताना गेल्या, एवढं आम्हाला ठाऊक होतं. ती गाडी कोण चालवत होतं, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"मीच नेत होतो हिला पनवेलला," दादा म्हणाले. "चौक गावाच्या पुढं श्वास बंद झाला. मागं तिची बहीण एकटी. ती वरडतेय, गाडी थांबवा, हिला बघा. छाती दाबायला येतंय मला, शिकवलंय आमाला. पण मी ड्रायव्हर होतो. थांबलो नाय."

"थांबला असता तरी काही झालं नसतं, दादा," मी म्हणाले.

"ते तुला काय म्हायती? मला तरी कुठं म्हायती? म्हणून तर नियम केला. दर रविवारी तुमी माझ्यासमोर लढता. शेजारचा मरतोय आन् कुणालाच दोनी जमत नाय, हे बघितलं की मला जरा बरं वाटतं."

निलेशनं खाली बघतच विचारलं, "वहिनी काय बोलल्या का ओ?"

"श्वास बंद व्हायच्या आधी भरत म्हणली. लगीन झाल्यापासनं कदी नाव घेतलं नव्हतं तिनं माझं. त्या दिशी घेतलं. मी वळलो नाय."

मला रडू आवरेना. पुढच्या रविवारी आम्ही दोघं लवकरच गेलो. मी नवं पात्र आणलं होतं आणि नियमाविरुद्ध पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून आले होते. दादांनी विचारायच्या आधीच निलेश म्हणाला, "लढवय्या, दादा. शेवटपर्यंत."

दादांनी आमच्याकडे पाहिलं आणि फासे डब्यात ठेवून दिले. "तुमाला सांगायला नको होतं मी. आता तुमी वाचवायला धडपडणारच नाय, माझ्यासाठी मरणार खेळात. पोरांनो, त्यातनं मला काय कळायचं रं?"

आम्ही विनवण्या केल्या, भांडलो, रुसलो. चहा मिळाला, खेळ मिळाला नाही, त्या दिवशीही आणि नंतरही. त्यांचा एकुलता एक दिलासा आम्ही मायेपोटी हिरावून घेतला, आणि तो परत कसा द्यायचा ते अजून मला उमगलेलं नाही. दादा आजही ॲम्ब्युलन्स चालवतात. रविवारची ड्यूटीसुद्धा आता मागून घेतात.

परवा चौक फाट्यावर मी रिक्षाची वाट बघत उभी होते. त्यांची गाडी पनवेलच्या बाजूला जाताना दिसली. काच खाली होती, दादा अगदी हाकेच्या अंतरावर होते. मागे कुणीतरी होतं. मी तोंडाला पदर लावला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हाक मारली नाही.