सात रिसीव्हर आणि माझे शेरे

जी वस्तू घ्यायची असते तिची तारीफ मी आयुष्यात कधी केलेली नाही. लंडनजवळच्या इल्फर्डच्या बाजारात टेबल मांडून मोजे आणि हातमोजे विकायला लागलो तेव्हापासून माझी हीच पद्धत. घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो की जो माल हवा तो उचलायचा, शिवण ओढून बघायची आणि नाक मुरडायचं. जो नको त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, हा मात्र बरा दिसतोय. समोरचा त्या बऱ्या मालाचं कौतुक करत बसतो आणि नाक मुरडलेला माल आपल्या व्हॅनमध्ये येतो. टेबलाचं दुकान झालं आणि दुकानाचं गोडाऊन झालं ते याच्यावर. कॉलेजात जाऊन शिकलेलं माझ्याकडे काही नाही.

हातमोज्यांमुळेच मी अमेरिकन फुटबॉलमध्ये आलो. हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळतात तो खेळ. युरोपातल्या लीगमध्ये खेळणारी एक व्यावसायिक टीम इथे उभी राहिली. तिला चिकट तळव्याचे हातमोजे मी पुरवले आणि पुढे थोडा हिस्साही घेतला. बाकीचे तीन भागीदार फायनान्समधले. मोठा हिस्सा माझ्या एका मित्राचा. मूळचा पुण्याचा, आता बेसिंगस्टोकला घर. ओळख करून देताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "हा आमचा घासाघीस डिपार्टमेंट." लोक हसतात. खेळाडूंचे करार मी करतो, पण कोणता खेळाडू घ्यायचा ते मला कोणी विचारत नाही. तीन वर्षं प्रत्येक प्रॅक्टिसला मी मैदानाच्या कडेला पावसात उभा राहिलो, तरी मी आपला हातमोजेवालाच.

या वर्षी मात्र विचारलं. जुना कोच गेला होता आणि नवा, अमेरिकेतून आलेला, फेब्रुवारीत रुजू झाला. ट्रेनिंग कॅम्प एप्रिलमध्ये. आपल्याकडे रिसीव्हर सात, जागा पाच, आणि त्याने त्यांचा मागचा सीझन पाहिलेला नाही. मित्राचा फोन आला, "तू सगळ्या प्रॅक्टिस बघितल्यास. प्रत्येकावर चार ओळी लिहून दे. कोच तुझ्या कागदावर बराच अवलंबून राहणार आहे."

मी मोठ्या हौसेने बसलो. बायको म्हणाली, "एवढं तर तुम्ही पोरीच्या लग्नाच्या यादीवर बसला नव्हतात."

रिसीव्हर म्हणजे पळता पळता चेंडू झेलणारा. ऐकायला सोपं आहे. पण झेलताना त्याचे डोळे चेंडूवर असतात आणि नेमका त्याच वेळी दुसऱ्या टीमचा एखादा धिप्पाड माणूस त्याला आडवा करायला धावत येत असतो. मैदानाच्या कडेने पळताना त्यातल्या त्यात बरं, एका बाजूने तरी कोणी येत नाही. मधून पळताना मार कुठून येणार ते कळत नाही. म्हणून भले भले रिसीव्हर मधे गेले की शेवटच्या क्षणी चेंडूवरून नजर काढतात. डोळ्याची एवढीशी हालचाल. चेंडू निसटायला तेवढी पुरते.

आमच्या सातांमध्ये नजर न काढणारा एकच होता. लीड्सचा, सत्तावीस वर्षांचा, आपल्याच लोकांतला. आईवडील नागपूरहून आलेले आणि दोघेही लीड्सच्याच एका हॉस्पिटलात कामाला. हा स्वतःही हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा आणि सुट्ट्या जमवून जमवून खेळायचा. मी त्याच्या हाताचं माप घेतलं आहे. बोटं फार लांब नाहीत, तळवा मऊ. चेंडू त्याच्या हातात आला की आवाज होत नसे. बाकीच्यांच्या हातांवर चेंडू फाटकन आपटतो. याच्या हातात तो नुसता थांबायचा.

जानेवारीत मीच त्याला म्हणालो होतो, "नोकरी सोड. या वर्षी तुला पूर्ण सीझनचा करार देतो. मी आहे." त्याच्या आईला हे पसंत नव्हतं. तरी त्याने राजीनामा दिला. नोटीसचे दिवस भरायचे होते, म्हणून मार्चमधल्या सरावाला तो येऊ शकला नाही. थोडक्यात, नव्या कोचने त्याला पाहिलेलंच नव्हतं.

आता माझ्या कागदाकडे येतो. असे कागद आमच्या ऑफिसात कधी गुप्त राहिले नाहीत, दर वर्षी खेळाडूंच्या एजंटांकडे पोचतात. लीड्सवाल्याचा करार मलाच करायचा होता आणि त्याची एजंट चिवट बाई आहे. मी लिहिलं असतं की हा सातांत सगळ्यात चांगला, तर तिने तोच कागद माझ्या नाकासमोर धरला असता. म्हणून मी लिहिलं: हात चांगले, पण मैदानाच्या मधे गेला की नजर काढतो. पहिली पावलं संथ. वयाच्या मानाने प्रगती थांबलेली वाटते. आणि जे दोघे मला नको होते, ज्यांच्या हातावर चेंडू दगडावर पडल्यासारखा उडतो, त्यांच्याबद्दल लिहिलं की यांच्याकडे लक्ष ठेवावं, मोठी झेप घेतील.

बाकी चौघांबद्दल मी खरं लिहिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर त्या कागदातली ओळ न् ओळ खोटी असल्यासारखं माझ्याशी बोललं गेलं.

कोचला माझी पद्धत ठाऊक नव्हती, हे मला मान्य आहे. पण कागद आधी माझ्या मित्राच्या हातून जाणार होता. तो मला वीस वर्षं ओळखतो. मी त्याच्या घराच्या सोफ्यापासून त्याच्या मुलीच्या गाडीपर्यंत घासाघीस करून दिली आहे. त्या गाडीच्या वेळी मी शोरूममध्ये तीन वेळा म्हणालो होतो की हा रंग कुत्रंही घेणार नाही, आणि तो शेजारी उभा राहून हसू दाबत होता. त्याला हा कागद कसा वाचायचा हे सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नाही.

कॅम्पला दहा दिवस असताना यादी आली. चार नावं, पाचवी जागा अजून रिकामी. लीड्सवाला नव्हता. ते दोघे होते.

मी फोन लावला. "अरे, लीड्सवाल्याचं नाव नाहीये."

"हो. तुझाच शेरा होता ना."

"तो शेरा एजंटसाठी होता."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. पुण्याचा ना तू? तुझी आई तुळशीबागेत काय म्हणायची दुकानदाराला? वा, काय सुंदर पातेलं आहे, सांगाल त्या भावाला घेते?"

तो हसला. "माझी आई फिक्स्ड रेटच्या दुकानात जायची रे. आणि गेली असती तरी तिने ते लेखी दिलं नसतं."

"ठीक आहे. आता सांगतो ना मी, तो सगळ्यात चांगला आहे. कोचला सांग."

"काय सांगू? आमचा माणूस लिहितो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं? कोच मला पहिला प्रश्न विचारेल की मग बाकीच्यांचंही उलटं वाचायचं का."

दोघांच्या बाबतीत उत्तर हो होतं, आणि त्या दोघांच्या करारांवर मीच आदल्या आठवड्यात सह्या केल्या होत्या. पाच जागांपैकी त्यांना दोन मिळतील हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. मला वाटलं, कॅम्पात उघडे पडतील.

"तू मला आधी फोन का नाही केलास?" तो म्हणाला. "एक फोन. कागद पाठवलाय, लीड्सवाल्याचं मनावर घेऊ नकोस. एवढंच."

इथे माझं डोकं फिरलं. त्याचं बरोबर होतं म्हणूनच फिरलं असेल. मी म्हणालो, तुम्हाला आकडे कळतात, माणसाचे हात कळत नाहीत. तीन वर्षं पावसात मी उभा राहिलो, तुम्ही काचेमागे बसून कॉफी प्यायलात. आणि शेवटी म्हणालो, "तो नसेल तर मीही नाही."

"असं बोलू नकोस."

"बोललो."

फोन ठेवला. हीसुद्धा माझी जुनी सवय. भाव जुळेना की पाठ फिरवून चालायला लागायचं, दाराबाहेर चार पावलं गेलं की मागून हाक येते. माझ्या अनुभवात ती येतेच. मी दोन दिवस वाट पाहिली. गोडाऊनमध्ये फोन टेबलावर उताणा ठेवून बसायचो. तिसऱ्या दिवशी ईमेल आला, सगळ्या भागीदारांना सारखाच: पाचव्या जागेवर कोचच्या ओळखीचा एक अमेरिकन रिसीव्हर घेतला आहे, यादी पूर्ण झाली. खाली माझ्यासाठी वेगळी ओळ नव्हती.

त्या शनिवारी सकाळी लीड्सवाला गोडाऊनवर आला. हातात चेंडू. खोक्यांमधून वाट काढत आला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. त्याचं मराठी घरात आईशी बोलून आलेलं, तेवढंच.

"काका, ते शीट वाचला मी. एजंटने पाठवली."

"बरं."

"मधे गेल्यावर मी बॉलवरून नजर काढतो, असं लिहिलं तुम्ही."

"ते खरं नाही. तुझा भाव पाडायला लिहिलं होतं. तुला घ्यायचंच होतं म्हणून."

"मला घ्यायचं होतं म्हणून तुम्ही लिहिलं की मी चांगला नाही?"

"हो. धंद्यात तसंच करतात."

"मग हीच गोष्ट का लिहिली? दुसरी पण लिहिता आली असती. गुडघा, हाइट, काही पण."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. जी गोष्ट आपल्याला सगळ्यात जास्त हवी असते, बोट तिथेच ठेवायचं असतं. कापडाचा पोत आवडला तर पोतालाच नावं ठेवायची. मी त्याला हे समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. एखादा म्हातारा आपलं मन राखायला काहीतरी सांगतोय हे ओळखून माणूस जसं ऐकतो, तसं.

"आई पण असंच करायची," तो म्हणाला. "एक्झाम वाईट गेली की म्हणायची, पेपरच कठीण होता. इट्स ओके, काका. तुम्ही तीन वर्षं बघितलं मला. दुसऱ्या कोणी सांगितलाच नाही मला हे. थँक यू."

मी उठलो. "चल पार्कात. आत्ता दाखवतो तुला."

पार्क जवळच आहे. गवत ओलं होतं, पण पाऊस थांबला होता. माझा खांदा आता चालत नाही, तरी वीस-पंचवीस पावलांवरून चेंडू नीट जातो. कडेने पळत त्याने पहिले सहा-सात झेलले, आवाज न करता, पूर्वीसारखेच. मी ओरडलो, "बघितलंस?" तो चेंडू माझ्याकडे टाकून परत सुरुवातीच्या जागी गेला.

"आता मधून."

तो माझ्यासमोरून आडवा पळाला. आजूबाजूला कोणी नव्हतं. लांब, तळ्यापाशी, एक बाई बाबागाडी ढकलत होती. त्याला मारायला कोणी येणार नव्हतं. मी चेंडू सोडला, चांगला गेला, छातीच्या उंचीवर. चेंडू पोचायच्या जरा आधी त्याची मान वळली. फार नाही. चेंडू बोटांना लागून गवतात पडला.

तीन वर्षांत मी त्याला हे करताना एकदाही पाहिलं नव्हतं.

"परत," मी म्हणालो.

परत तेच झालं. तिसऱ्या वेळी त्याने झेलला, पण फाटकन आवाज झाला. चौथा पडला. मी फेकतच राहिलो, कारण थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं.

शेवटी तोच थांबला. चेंडू काखेत घेऊन माझ्याकडे चालत आला. दम लागला होता, पण चेहरा शांत होता. डॉक्टरने दुखण्याचं नाव सांगितलं की काही लोक होतात तसा.

"बघा," तो म्हणाला.

"ते शीट वाचलंस म्हणून होतंय. आधी कधी होत नव्हतं."

"मे बी."

"मी सोमवारी कोचकडे जातो. त्या बेसिंगस्टोकवाल्याच्या पाया पडतो. तुला एक ट्रायल तरी देतील. इथला नाही तर दुसरा क्लब बघू, जर्मनीत माझी ओळख आहे. मी बोलतो ना तुझ्यासाठी."

"नको, काका."

"अरे, का नको?"

"माझ्यासाठी कोणाशी बोलू नका आता. प्लीज."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. रागाशी कसं वागायचं ते मला येतं, माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. तो अगदी सभ्यपणे म्हणाला. मग वाकून माझ्या पाया पडला, घरात शिकवलेलं असतं तसं, आणि लीड्सची गाडी पकडायला गेला.

कॅम्प सुरू झाला. मी गेलो नाही आणि मला कोणी बोलावलंही नाही. माझा हिस्सा कागदावर आहे तसाच आहे. हॉस्पिटलने लीड्सवाल्याची जागा भरली होती, तेव्हा तो आता मिळतील तशा शिफ्ट करतो, बहुतेक शनिवार-रविवारच्या. लीड्सच्या हौशी क्लबचे सामने रविवारीच असतात. त्याच्या आईने फोनवर हे सगळं सांगितलं. तिचा आवाज कोरडा होता. मला विचारायचं होतं की तो कधी नुसता पार्कात तरी जातो का, पण तिने विचारायला जागा ठेवली नाही.